दोघांचा प्रवास : आष्टी ते मालवण

समुद्र आम्ही पाहिला तो दादरला. सहा डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत. कडेवर लेकरू, हातात भाकरीचे गाठोडे. रांग पुढे सरकली आणि समुद्र मागे राहिला. लग्नाला १८ वर्षे झाली, पण दोघांनी मिळून पाण्याकाठी घटकाभर बसल्याचे आठवत नाही. जोडीने गेलो ते लग्नाला, मयताला, नाहीतर दवाखान्यात.

म्हणून यंदा ठरवले, मालवणला जायचे. आष्टीत ही गोष्ट कळली तेव्हा गल्लीतल्या बाया हसल्या, ‘आता या वयात?’ म्हणाल्या. घरी आई काहीच बोलली नाही. तेच जास्त लागले.

जोडीने फिरणे ही पैसेवाल्यांची चैन, असे आपण धरून बसलो आहोत. एकाची पाठ गवंडीकामाने भरून येते, दुसरीची बोटे कापूस वेचून चिरतात. रात्री बोलणे होते ते उधारीचे आणि फीचे. नवरा-बायकोला त्यापलीकडचे बोलायला चार दिवस मिळाले, तर संसार बुडत नाही. कर्ज काढून मात्र जायचे नाही. आम्ही दोन वर्षे दर बाजाराला १०० रुपये डब्यात टाकले. १०,४०० रुपये जमले. आमच्यासारख्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हा बेत मांडतो.

केव्हा जावे? पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. डिसेंबरअखेर गर्दी असते आणि खोल्यांचे भाव चढतात. आम्ही फेब्रुवारी धरला. तोवर वेचणी उरकते, ज्वारी काढायला थोडा अवकाश असतो आणि पाणीही बऱ्यापैकी नितळ असते.

कसे जावे? आष्टीहून एसटीने परतूर. तिथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, सकाळी मुंबई. दिवसा दादरला जायचे, या वेळी रांगेची घाई नाही. रात्री कोकणकन्या एक्सप्रेस, सकाळी कुडाळ, पुढे एसटीने मालवण. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हाच तिकीट काढावे. एसटीत २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. वाटेसाठी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्यावी. मालवणात घरगुती खोली मिळते, जेवायला भात-मासळी.

मालवणच का? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते जिवंत आहे. बारीक बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याचे घर बांधतात. त्याच्या आडोशाला मासे वाढतात. पाणी फार तापले की हे प्राणी पांढरे पडतात आणि तसेच राहिले तर मरतात. २०२४ साली जगभरच्या समुद्रांत असे घडल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. मंगळ शांत व्हावा म्हणून अंगठीत पोवळे घालतात, तो तांबडा खडाही अशाच प्राण्याचे हाड. ज्याला स्वतःचा जीव वाचवता आला नाही, तो कुणाचा मंगळ काय शांत करणार?

हे प्रवाळ बघायला पोहता यावेच लागते असे नाही. अंगात लाइफ जॅकेट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि शेजारी जाणकार माणूस. पाण्यावर पालथे तरंगत खाली बघायचे. खोल जाणारे स्कूबा वेगळे. दमा, हृदयविकार, फिट्स असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने ते करू नये. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. म्हणून जॅकेट नसेल किंवा माणसे जास्त भरली असतील, तर त्या बोटीत बसू नये. पैसे गेले तरी चालतील.

प्रवाळावर पाय ठेवू नये, हात लावू नये, तुकडा तोडू नये. नावाड्याला नांगर प्रवाळावर टाकू नका असे सांगावे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे. कोवळ्या कपाशीत कुणाची जनावरे शिरली की आपल्या पोटात कालवते. तिथल्या माणसाचे पीक समुद्रात आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे! टँकरची वाट बघणाऱ्या आम्हाला त्या प्रवाळाइतक्याच बघायच्या आहेत.

आईचा अबोला परवा सुटला. ती म्हणाली, “मला कुणी न्हेलं न्हाई. तुमच्या बापालाबी कुणी सुट्टी दिली न्हाई. तुम्ही जा. लेकरांना मी बघते.” मग लुगड्याच्या पदराची गाठ सोडून तिने १०० रुपयांची नोट डब्यात टाकली.

आता डब्यात १०,५०० रुपये आहेत. येताना आईसाठी कोकम आणणार आहोत.