परक्या मुलखात इंग्रजी शिकविताना

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून पाठव, असा आमच्या सरांचा निरोप आला आणि काय लिहावे ह्या विचारात दोन दिवस गेले. मग आठवले की, गेल्या काही वर्षांत आपल्या कॉलेजातली मुलेमुली विरार लोकलमध्ये, बाजारात, लग्नकार्यात जिथे भेटतात तिथे मला एकच प्रश्न विचारतात : “ताई, तुम्ही थायलंडला इंग्रजी शिकवायला गेला होता ना? आम्हांला जाता येईल का?” त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

मी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षे थायलंडमधील फित्सनुलोक ह्या जिल्ह्यात एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवीत होते. जाण्याचे ठरले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो असा : “तिकडच्या पोरांना तू इंग्रजी शिकवणार? अगं, तुझी शाळा तर आगाशीची, मराठी!” आईने थट्टेने विचारले खरे, पण तोच प्रश्न माझ्या मनात कितीतरी दिवस काट्यासारखा सलत होता. बी. ए. च्या पहिल्या वर्षाला असताना इंग्रजीच्या तासाला उत्तर येत असूनही मी उभी राहात नसे. चूक झाली तर मागच्या बाकावरून हसतील, ही भीती. अशा मुलीने परदेशी जाऊन इंग्रजी शिकवावे, हे मलाही अवघडच वाटत होते.

ही शंका पुढे बाहेरच्यांनीही बोलून दाखविली. बँकॉकमधील एका खाजगी संस्थेत मुलाखत उत्तम झाली. मात्र शेवटी सांगण्यात आले की, पालकांना गोरा शिक्षक हवा असतो. आशियात हा अनुभव नवा नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकविण्याचा नेहमीचा परवाना मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका ह्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. म्हणजे तुम्ही इंग्रजी कसे शिकविता ह्याआधी तुमचा पासपोर्ट कोणता, हे पाहिले जाते. थायलंडमध्ये तशी बंदी नाही. तेथील शाळांत फिलिपिन्सचे शिक्षक फार मोठ्या संख्येने आहेत, भारतीयही आहेत. परंतु आपल्याकडे पदवीबरोबरच इंग्रजीच्या परीक्षेतील गुणांचा दाखला मागतात, आणि पगारही पुष्कळदा गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी देतात. हे आधीच माहीत असलेले बरे. म्हणजे तिथे गेल्यावर मन खट्टू होत नाही.

आता कागदपत्रांविषयी. नोकरीसाठी जायचे तर ‘नॉन-इमिग्रंट बी’ ह्या प्रकारचा व्हिसा लागतो. शाळेने आधी नेमणुकीची पत्रे पाठवावयाची, त्यावर थाई वकिलातीकडून हा व्हिसा मिळवावयाचा आणि तिथे पोचल्यावर कामाचा परवाना काढावयाचा, असा क्रम असतो. ‘खुरुसफा’ नावाची शिक्षक परिषद आहे. तिचा परवाना, निदान तात्पुरती परवानगी, शाळेत शिकविण्यासाठी आवश्यक असते. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. प्रवासी म्हणून जाऊन काम करणे हा तिथे गुन्हा आहे. “आधी या, मग कागद करू” असे सांगणाऱ्या दलालापासून तर चार हात दूरच राहावे. थायलंडमध्ये नोकरी देतो असे सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे डांबून त्यांच्याकडून संगणकावरील फसवणुकीची कामे करवून घेतल्याची प्रकरणे २०२२ साली उघडकीस आली, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. म्हणून शाळेचे नाव, पत्ता, नेमणूकपत्र ह्यांची खातरजमा झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नये.

आता वर्गात जाऊ. चाळीस मुले, आठवड्याला वीस तास. आपल्या सातवी ते बारावीएवढ्या वर्गांना तिथे ‘मथ्थयोम’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला ‘मध्यम’! प्राथमिक वर्ग ‘प्रथोम’, भाषा ती ‘फासा’, विद्या ती ‘वित्थया’ आणि शिक्षक तो ‘ख्रू’, म्हणजे गुरू. गावाचे नाव फित्सनुलोक, म्हणजे विष्णुलोक. संस्कृत आणि पाली ह्या भाषांतून गेलेले असे शेकडो शब्द थाई भाषेत आहेत. पहिल्या महिन्यात परकेपणा कमी झाला तो ह्या शब्दांमुळे.

थाई मुलांना इंग्रजी का जड जाते, हे समजायला थोडा वेळ लागला. त्यांच्या भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘काल’ किंवा ‘उद्या’ असा शब्द जोडला की काम भागते. नामाचे अनेकवचन होत नाही. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे नाहीत. शब्दाच्या शेवटी ‘ल’चा उच्चार त्यांच्या जिभेवर ‘न’ होतो, म्हणून हॉस्पिटलचे ‘हॉस्पितन’ होते. स्कूलला ती ‘सकून’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले आणि लगेच लाजही वाटली. आमच्या आजीने आयुष्यभर ‘इस्कूल’च म्हटले होते! उपपदांचा घोळ आम्हीही घातला होताच, कारण मराठीतही ती नाहीत. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ह्या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच ‘व’. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला ‘द’ कुठे घालायचा हे आपोआप कळते, पण का घालायचा हे पुष्कळदा सांगता येत नाही. मी ते नियम रात्री जागून, खोडून, पुन्हा लिहून शिकले होते. मुले कुठे अडखळणार, हे मला आधीच ठाऊक असे. कारण त्याच जागी मीही पडले होते. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला असे वर्गात मिळाले.

तरीही मुले बोलत नव्हती. फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरवून घेत. उभे करून विचारले की मान खाली. तो मागच्या बाकाचा धाक मला ओळखीचा होता. तो मोडला माझ्याच एका चुकीने. थाई भाषेत पाच स्वर आहेत. स्वर बदलला की अर्थ बदलतो. ‘मा’ हा शब्द एका स्वरात ‘येणे’, दुसऱ्यात ‘घोडा’ आणि तिसऱ्यात ‘कुत्रा’. एकदा गोष्ट सांगताना मी थाईत समजावू गेले आणि राजाला घोड्याऐवजी कुत्र्यावर बसविले. सारा वर्ग खो खो हसला. मीही हसले, आणि म्हटले, “आता मला नीट शिकवा.” एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी पुढे आली आणि तिने मला तिन्ही ‘मा’ दहा वेळा घोकून घ्यायला लावले. त्यानंतर रोज तासाची पहिली पाच मिनिटे मी विद्यार्थिनी आणि ती शिक्षक, असा रिवाजच पडला. ज्या वर्गात बाईच चुकतात, तिथे चुकण्याची लाज कोणाला वाटणार? मुले हळूहळू बोलू लागली.

तेव्हा मला आपल्या गोन्सालो गार्सियाची आठवण झाली. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला आणि पुढे फ्रान्सिस्कन धर्मबंधू होऊन हिदेयोशीच्या दरबारात दुभाष्या म्हणून उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर त्याचा अंत झाला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याच्या धर्मनिष्ठेविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला त्याची भाषेची मेहनत मोठी वाटते. त्या काळी वसईच्या मुलाने जपानी कशी शिकली असेल, किती वेळा घोड्याचा कुत्रा केला असेल!

ह्या दोन वर्षांत हिंडणेही खूप झाले. शाळा मेच्या मध्यास सुरू होते, ऑक्टोबरात सुट्टी, आणि मार्चनंतर मोठी सुट्टी. एप्रिलच्या १३ तारखेपासून ‘सोंगक्रान’ म्हणजे त्यांची संक्रांत. रस्तोरस्ती पाणी उडवितात. बँकॉकच्या वाटेवरच अयुथ्या लागते. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही राजधानी पाहताना मला आपला किल्ला दिसू लागला. तिथेही भग्न भिंतींवर झाडे रुजलेली. नदीकाठी जुनी पोर्तुगीज वस्ती आहे. चर्चच्या अवशेषांजवळ उत्खननात निघालेले सांगाडे तिथे ठेवले आहेत. पोर्तुगीजांकडून आलेली अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी तंतूंची मिठाई, ‘फोय थोंग’, आज तिथे सणासमारंभांत हवीच.

पण सर्वांत मोठा आनंद एका रविवारी बांग क्रथुम ह्या गावी झाला. अंगणात सोललेली केळी उन्हात वाळत घातलेली! आमच्या आगाशीच्या राजेळीची सुकेळी ती; फक्त केळ्याची जात निराळी. मी घरून आणलेली सुकेळी त्या आजीबाईंना दिली, त्यांनी मला त्यांची पिशवीभर दिली. दोघींनी चाखून पाहिले आणि माना डोलावल्या. त्या वेळी मला कोणत्याच भाषेची गरज भासली नाही.

जूनच्या सुमारास एका गुरुवारी शाळेत ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदना असते. मुले फुलांच्या रचना आणतात. त्यांत वांग्याचे खाली झुकलेले फूल नम्रतेचे आणि गवत चिवटपणे पसरणाऱ्या विद्येचे चिन्ह मानतात. ते गवत निरखून पाहिले तर आपली दूर्वा! ‘मा’ शिकविणाऱ्या त्या मुलीने ती रचना माझ्या हाती दिली आणि चुकत चुकत, पण एक पूर्ण इंग्रजी वाक्य बोलली. त्यात ‘द’ राहून गेला होता. मी तो त्या दिवशी सुधारला नाही.

म्हणून माझ्या धाकट्या भावंडांनो, “आम्हांला जाता येईल का?” ह्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. कागद चोख करा, दलालांना भुलू नका, आपल्या मराठी शाळेची लाज बाळगू नका; आणि शिकवायला जाताना एक कोरी वही बरोबर न्या. पहिल्या दिवसापासून ती तुम्हांलाच लागेल.