गळका नळ आणि बोलकी माणसे

नरकचतुर्दशीची पहाट आहे, अंगाला तेल-उटणे लागले आहे, बाहेर पहिला फटाका वाजला आहे, आणि नेमक्या त्याच वेळी नळाने फुस्स करून मान टाकली आहे. हा प्रसंग ज्याच्यावर कधी आला नाही असा गृहस्थ शहरात विरळा! अशा वेळी आपण काय करतो? नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडतो, शेजाऱ्याकडून बादलीभर पाणी आणतो आणि फराळाला बसेपर्यंत सारे विसरतो. पाणी आले, की गाऱ्हाणेही त्याबरोबर वाहून जाते.

आयर्लंडातला माणूस येथे जरा वेगळा. तोही कुरकुऱ्या खराच. पण तो चारचौघांत कुरकुरतो, आणि सहजासहजी विसरत नाही.

हा देश म्हणजे थंडीतले कोकणच म्हणा ना! पाऊस बारमाही. तरीही २००७ साली गॉलवे शहराच्या पाण्यात एक सूक्ष्म परोपजीवी जंतू शिरला, आणि मार्चपासून ऑगस्टपर्यंत तेथल्या गृहिणींना प्यायचे पाणी उकळून घ्यावे लागले. बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि आत पातेल्यात नळाचे पाणी उकळते आहे! अशा पाण्यासाठी घरोघर बिल येणार म्हटल्यावर लोक गप्प कसे बसणार?

ते बिल आलेच. देशाची तिजोरी रिकामी झाली होती. २०१० साली युरोपीय मंडळी व नाणेनिधी यांच्यापुढे हात पसरावे लागले होते. काटकसरीच्या त्या दिवसांत २०१३ साली ‘आयरिश वॉटर’ ही सरकारी कंपनी निघाली आणि घरांना मीटर बसू लागले. एकट्या माणसाला वर्षाला १६० युरो, मोठ्या कुटुंबाला २६० युरो अशी कमाल पट्टी ठरली. लोक म्हणाले, “आमच्या करांतून पाण्याचे पैसे जातातच, पुन्हा कसले?” ऑक्टोबर २०१४ मध्ये हजारो माणसे डब्लिनच्या रस्त्यांवर उतरली. कित्येक गल्ल्यांत मीटर बसवायला कामगार आले, की शेजारीपाजारी फुटपाथवर येऊन उभे राहत. असंख्य घरांनी बिले भरलीच नाहीत. अखेर २०१६ साली पट्टी थांबली, २०१७ च्या कायद्याने ती रद्द झाली, आणि ज्यांनी निमूटपणे पैसे भरले होते त्यांना ते परत मिळाले. गंमत पाहा, त्या वेळी पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांकडचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड!

हे एकजुटीचे बाळकडू जुने आहे. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. खंडात सूट मागणाऱ्या कुळांना त्याने दाद दिली नाही. तेव्हा मजुरांनी त्याचे पीक कापले नाही आणि दुकानदारांनी त्याला माल दिला नाही. त्याचे आडनाव जगाच्या कोशात गेले. पुढे टिळकांच्या चतुःसूत्रीत आपण ज्याला ‘बहिष्कार’ म्हटले, तो हाच.

आजच्या तक्रारींनाही तेथे वाटा आहेत. १९८५ पासून आयरिश नभोवाणीवर ‘लाइव्हलाइन’ हा कार्यक्रम चालतो. मारियन फिनुकेन यांनी तो सुरू केला; पुढे २०२५ पर्यंत जो डफी यांनी तो गाजवला. फसवणूक झालेला कोणीही फोन करावा आणि सगळ्या देशासमोर मन मोकळे करावे! दोन हजार युरोपर्यंतच्या दाव्यासाठी गिऱ्हाइकाला पंचवीस युरोंत, वकिलावाचून न्यायालयाचे दार ठोठावता येते. सरकारी कचेऱ्यांविरुद्ध दाद मागायला १९८४ पासून ‘ओम्बुड्समन’ आहे. (आपले लोकायुक्त त्याच्या बारा वर्षे आधीचे, बरे का!) आणि कुरकुरीला विषयही नवनवे मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून शीतपेयाच्या प्रत्येक डब्याबाटलीमागे १५ किंवा २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली न चेपता यंत्रात घातली, की पैसे परत. पोते भरून बाटल्या न्याव्यात आणि यंत्र बंद असावे! आपल्या रद्दीवाल्याची किंमत तेथे कळते.

येथवर वाचून वाटेल, की बोलक्या माणसांचे सारे प्रश्न सुटले. तसे मात्र नाही. २०१८ च्या सुमारासही, शुद्ध केलेल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी वाटेतल्या गळक्या नळांतून जमिनीत जिरत होते. पट्टी गेली, गळती राहिली. इस्पितळांचे दुखणे तर याहून जुने. खाट रिकामी नाही म्हणून ट्रॉलीवर पडून राहिलेल्या रोग्यांची मोजदाद परिचारिकांची संघटना २००४ पासून करीत आहे. २००६ साली खुद्द आरोग्यमंत्री मेरी हार्नी यांनी ही राष्ट्रीय आणीबाणी आहे असे जाहीर केले. पुढे पेशाने डॉक्टर असलेले वराडकरही आरोग्यमंत्री झाले. मोजदाद मात्र थांबलेली नाही.

असे का व्हावे? पाण्याचे बिल एकाच वेळी सर्वांच्या दारात पडले, म्हणून सारी गल्ली बाहेर आली. ट्रॉली मात्र ज्याच्या त्याच्या वाट्याला येते. म्हातारी आई रात्रभर इस्पितळाच्या बोळात पडलेली असते, तेव्हा तिच्या मुलाला फुटपाथवर उभे राहायला सवड नसते. आणि ज्याची आई घरी सुखरूप असते, त्याला तो आकडा केवळ वर्तमानपत्रातला वाटतो. आई बरी होऊन घरी आली, की मुलगाही विसरतो. म्हणजे आपल्यासारखाच!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत शेजारचा मुलगा तेलकट अंगाने बादली घेऊन दारात आला, तर त्याला पाणी द्याच. पण सण उरकल्यावर त्याचे वडील तक्रारीचा अर्ज घेऊन आले, तर “आमच्या नळाला येते हो पाणी” असे म्हणून दार लावू नका. आपला नळ वाहत असतानाच त्या अर्जावर सही करा.