शब्दांशिवाय बोलणारी रेषा : शि. द. फडणीस आणि वर्गातलं चित्रवाचन



पाठ्यपुस्तकातलं पान उघडलं की आपली नजर आधी मजकुरावर जाते. मुलांची मात्र चित्रावर जाते. आपण म्हणतो, "चला, पहिल्या ओळीवर बोट ठेवा." म्हणजे मूल ज्या दारातून आत यायला निघालेलं असतं, तेच दार आपण लावून घेतो. चित्र म्हणजे पान भरायला टाकलेली शोभा, असं आपण नकळत ठरवून टाकलेलं आहे.

आपल्या जालना जिल्ह्यात तर हे दार फारच महत्त्वाचं आहे. मंठा, परतूर भागातल्या तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी पहिलीत नवीच असते. ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं कारखान्याचा हंगाम संपल्यावर वर्गात परत येतात, तेव्हा चार-पाच महिन्यांचे धडे मागे गेलेले असतात. या मुलांना अक्षर अडवतं, पण चित्र अडवत नाही. म्हणूनच आज अशा एका चित्रकाराबद्दल लिहितो आहे, ज्यांनी शब्दाचा आधार न घेता सगळ्या महाराष्ट्राला हसवलं आणि गणिताच्या पुस्तकातही हसू आणलं. ते म्हणजे शि. द. फडणीस.

भोज ते जे. जे.

शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी भोज या गावी झाला. हे गाव तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातलं, म्हणजे मराठी-कानडी सीमाभागातलं. शालेय शिक्षण कोल्हापुरात झालं. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी उपयोजित कलेचं, म्हणजे जाहिरात, पुस्तकं, छपाई यांच्यासाठी लागणाऱ्या चित्रकलेचं शिक्षण घेतलं. नंतर ते पुण्यात स्थायिक झाले. त्यांच्या पत्नी शकुंतला फडणीस याही लेखिका. 'रेषाटन' हे फडणीसांचं आत्मकथन. रेषा आणि देशाटन हे दोन शब्द एकत्र केले की झालं 'रेषाटन'. नावातच त्यांचा स्वभाव दिसतो.

त्या काळात मराठी मासिकांची चलती होती. किर्लोस्करवाडीहून निघणारी 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं घरोघरी वाचली जात. त्यांचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढत. तिकडे अनंत अंतरकर 'हंस', 'मोहिनी', 'नवल' ही मासिकं चालवत होते. मासिकाच्या मुखपृष्ठावर तेव्हा बहुधा देखणी स्त्री किंवा देवादिकांचं चित्र असे. १९५० नंतरच्या काळात अंतरकरांच्या मासिकांवर फडणीसांची रंगीत हास्यचित्रं येऊ लागली. मुखपृष्ठ बघूनच वाचक हसायचा आणि मग अंक उघडायचा. ही त्या वेळी नवी गोष्ट होती.

एक चित्र वाचून पाहू

'मोहिनी'वरचं त्यांचं एक चित्र जुन्या वाचकांना आजही आठवतं. एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. एवढंच! चित्राखाली एक अक्षर नाही. पण बघणारा क्षणभर थांबतो, इकडून तिकडे बघतो आणि हसतो.

हे हसू येतं कुठून? आपण जरा शिक्षकाच्या नजरेनं पाहू.

पहिली पायरी, ओळख. तरुण, तरुणी, कपडे या सगळ्या रोजच्या गोष्टी आहेत. मूलही त्या ओळखतं.

दुसरी पायरी, खटकणं. कपड्यावर फुलं असतात, ठिपके असतात. इथे उंदीर आणि मांजर कशाला?

तिसरी पायरी, जोडणी. मांजर आणि उंदीर यांचं नातं बघणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. ते तो स्वतः त्या दोघांना लावतो आणि कोण कोणाला घाबरणार हे मनातल्या मनात ठरवून टाकतो.

चित्रकारानं विनोद अर्धाच सांगितला आहे. उरलेला अर्धा बघणाऱ्यानं पूर्ण करायचा आहे. शब्द लिहिला असता तर हे काम चित्रकारानंच उरकलं असतं आणि आपल्याला फक्त ऐकून घ्यावं लागलं असतं. उत्तर सांगून टाकणारा शिक्षक आणि उत्तरापर्यंत मुलाला चालत नेणारा शिक्षक यांच्यात जो फरक असतो, तोच इथे आहे.

फडणीसांनी राजकीय व्यंगचित्रांची वाट धरली नाही. त्यांचा विषय म्हणजे साधा मध्यमवर्गीय माणूस, त्याचं घर, रस्ता, संसार, त्याची हौस. त्यामुळे त्यांची चित्रं शिळी होत नाहीत. कालच्या वर्तमानपत्रातला मंत्री आजच्या मुलाला माहीत नसतो, पण मांजर आणि उंदीर माहीत असतात. आणि शब्दच नसल्यामुळे भाषांतराची गरज पडत नाही. मराठी घरातलं मूल, गोरमाटी घरातलं मूल आणि परदेशातला पाहुणा हे तिघे एकाच चित्राला एकाच वेळी हसू शकतात.

तांब्याचा पत्रा आणि एक शिलिंग

चित्र सामान्य माणसापर्यंत पोचायचं तर चांगला हात पुरत नाही, छपाईही लागते. ही गोष्ट जगाला ज्यांनी दाखवून दिली त्यांच्यात विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराचं नाव फार वर आहे. त्याचा जन्म १६९७ सालचा, लंडनचा. वडील शाळामास्तर. त्यांनी लॅटिन बोलणाऱ्यांसाठी कॉफीगृह काढलं, ते बुडालं आणि कर्जापायी त्यांना काही वर्षं तुरुंगात काढावी लागली. मुलगा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. तोच हात पुढे तांब्याच्या पत्र्यावर चालला.

ही पद्धत मुलांना सांगण्यासारखी आहे. तांब्याच्या पत्र्यावर धारदार टोकानं चित्र कोरायचं. पत्र्यावर शाई फासायची आणि वरची पुसून टाकायची, म्हणजे शाई फक्त चरांमध्ये उरते. मग ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. चरांतली शाई कागदावर येते, पण चित्र उलटं उमटतं, उजवं डावं होतं. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात. रंगवलेलं एक चित्र एका श्रीमंताच्या भिंतीवर लागतं. छापलेलं चित्र दुकानाच्या काचेत लागतं आणि रस्त्यानं जाणारा कोणीही ते फुकटात बघू शकतो.

होगार्थ चित्रांच्या मालिका करायचा. वडिलार्जित पैसा उधळून शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचलेल्या तरुणाची गोष्ट त्यानं आठ चित्रांत सांगितली. त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे १७५१ सालचं 'जिन लेन', म्हणजे दारूची गल्ली. लंडनमध्ये तेव्हा जिन नावाच्या स्वस्त दारूनं घरंच्या घरं बुडत होती. चित्रात नशेतल्या आईच्या हातून तान्हं मूल निसटून पडतं आहे आणि तिला पत्ताही नाही. घरं कोसळताहेत. बरकत आहे ती गहाणवट ठेवणाऱ्या सावकाराच्या दुकानाला. ही चित्रं त्यानं मुद्दाम एक शिलिंगला विकली. एक शिलिंगही गरिबाला स्वस्त नव्हती, पण तैलचित्राच्या मानानं ती किंमत काहीच नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेनं जिनच्या विक्रीवर लगाम घालणारा कायदा केला. कायद्याच्या बाजूनं जी चळवळ चालू होती, तिला या चित्रानं बळ दिलं. आपल्या गावातल्या दारूबद्दल मोठ्या मुलांशी बोलायचं असेल तर भाषणापेक्षा हे चित्र जास्त उपयोगी पडेल.

होगार्थची आणखी एक देणगी म्हणजे चित्रावरचा हक्क. त्याच्या चित्रांच्या चोरून नकला निघायच्या आणि पैसा दुसऱ्यांच्या खिशात जायचा. त्यानं सोबतच्या कलाकारांना घेऊन संसदेकडे दाद मागितली. १७३५ साली कायदा झाला आणि कोरलेल्या चित्रावर चित्रकाराला चौदा वर्षांचा हक्क मिळाला. आज आपण फोनवरून कोणाचंही चित्र नाव कापून पुढे पाठवतो, तेव्हा ही गोष्ट आठवायला हवी. मुलांनाही सांगावं, की चित्र वापरलं तर खाली चित्रकाराचं नाव लिहायचं.

होगार्थ आणि फडणीस यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर आणि स्वभावाचाही मोठा फरक आहे. होगार्थ झोंबतो, फडणीस गुदगुल्या करतात. पण एका गोष्टीत दोघे जवळचे आहेत. दोघांचंही चित्र छापलं जाण्यासाठीच जन्माला आलं. एकानं तांब्याचा पत्रा वापरला, दुसऱ्यानं मासिकाचं मुखपृष्ठ.

गणिताच्या पुस्तकात हसू

पाठ्यपुस्तकाइतकं घराघरात पोचणारं दुसरं छापील पुस्तक नाही. ज्या घरात एकही मासिक येत नाही, त्या घरातही मुलाचं पाठ्यपुस्तक असतं. पुण्याची पाठ्यपुस्तक मंडळ संस्था, म्हणजे आपली बालभारती, १९६७ साली सुरू झाली. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रं काढली. माझ्या मते त्यांच्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. गणित म्हटलं की कपाळावर आठी, ही आपली जुनी सवय. तिथे हसरी रेषा आली.

विनोद आणि गणित यांची जोडी वरवर विचित्र वाटते, पण नीट पाहिलं तर दोन्हीकडे डोकं सारखंच चालतं. पावसात चार माणसं उभी आहेत आणि छत्र्या तीन आहेत असं चित्र काढलं, तर मूल भिजणाऱ्या माणसाकडे बघून हसेल. पण हसण्याआधी त्यानं एकास एक जोडी लावलेली असते, आणि एक माणूस उरतो हे त्याला कळलेलं असतं. म्हणजे वजाबाकी झाली, फक्त चिन्ह लिहायचं बाकी राहिलं. विनोद कळला याचा अर्थ नातं कळलं. आणि हसणारं मूल घाबरलेलं नसतं, हा फायदा तर आहेच.

व्यंग कोणाचं दाखवायचं?

एक गोष्ट जपायला हवी. मराठीत 'व्यंग' म्हणजे उणीव, आणि शरीरातल्या दोषालाही आपण व्यंगच म्हणतो. मुलांना "गंमतीदार चित्र काढा" म्हटलं की पहिल्यांदा वर्गातला जाडा मुलगा, काळी मुलगी किंवा लंगडणारे आजोबा कागदावर येतात. तिथे थांबवायला हवं. फडणीसांच्या चित्रात हसू येतं ते माणसाच्या शरीराचं नाही, प्रसंगाच्या विसंगतीचं. होगार्थनं बोट ठेवलं ते दारू, उधळपट्टी, क्रूरपणा यांच्यावर. मुलांना साधा नियम द्यावा : जे माणसाला बदलता येत नाही, त्यावर हसायचं नाही. जे बदलता येतं, त्यावर जरूर हसायचं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. तीन प्रश्नांचं चित्रवाचन. शब्द नसलेलं एक चित्र दाखवा आणि दोन मिनिटं स्वतः गप्प बसा. मग विचारा : काय काय दिसतं? काय खटकतं? हसू का आलं? पहिल्या प्रश्नाला प्रत्येक मुलाकडे उत्तर असतं, म्हणून सुरुवात मागे राहणाऱ्या मुलांपासून करा. उत्तर गोरमाटीत आलं तरी चालेल. तोच शब्द मराठीत काय, हे वर्गानं मिळून शोधावं.

२. खटकणाऱ्या गोष्टी शोधा. जालन्याच्या मोंढ्याचं किंवा आठवडी बाजाराचं साधं चित्र फळ्यावर काढा आणि त्यात तीन गोष्टी मुद्दाम चुकीच्या घाला. तराजूत बैल, मोसंबीच्या झाडाला भोपळे, पावसात गॉगल घातलेला माणूस. चित्रकला येत नसली तरी काड्यांची माणसं चालतात.

३. बटाट्याचा ठसा. बटाटा अर्धा कापून त्यावर आकार कोरा, रंग लावा आणि कागदावर उमटवा. सुरी शिक्षकाच्या किंवा पालकाच्याच हातात राहू द्या. अक्षर कोरलं की ते उलटं उमटतं, मग मुलं आपोआप विचारतात, "सर, उलटं का आलं?" तिथून आरसा, सममिती आणि छपाई असे तिन्ही धडे निघतात.

४. पालकांसाठी. रात्री पाच मिनिटं मुलाला पुस्तकातलं कोणतंही एक चित्र तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. स्वतःला वाचता येत नाही म्हणून जे आई-वडील मुलाच्या अभ्यासाला बसत नाहीत, त्यांनाही हे जमतं. इथे मूल सांगणार आणि मोठी माणसं ऐकणार.

चित्रवाचनाला तासिका वाया जाते, असं काहींना वाटेल. पण जे मूल चित्रात काय खटकतं हे नेमकं सांगू शकतं, ते उद्या उताऱ्यात काय खटकतं हेही सांगेल आणि परवा जाहिरातीत किंवा फोनवर आलेल्या फोटोत काय खोटं आहे हेही ओळखेल. डोळसपणे बघण्याची ही सवय आपण पहिलीपासून लावू शकतो, आणि त्यासाठी लागणारं साहित्य प्रत्येक मुलाच्या दप्तरात आधीपासूनच आहे. उद्या पुस्तक उघडल्यावर पहिल्या ओळीवर बोट ठेवायच्या आधी दोन मिनिटं चित्रावर ठेवू द्या.