कापसाच्या भावापाशी अडलेले मुख्यमंत्री

लेखमाला ‘शेतातून सत्तेकडे’ : भाग ७

गेल्या आठवड्यात पोलंडच्या विन्सेंटी विटोस यांची हकीकत १९२६ च्या मे महिन्यात, पिल्सुड्स्कींच्या बंडापाशी थांबली होती. तीनदा पंतप्रधान झालेला आणि गळ्यात कधी टाय न बांधलेला हा शेतकरी पुढे तुरुंगात गेला, परागंदा झाला. ते नाट्य सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र त्याआधीचे १९२३ साल जास्त बोलके वाटते. त्या वर्षी चलन कोसळले, नोव्हेंबरात क्राकूव शहरात कामगार आणि लष्कर यांच्यात गोळीबार झाला, आणि जमीनवाटपात उजव्या पक्षांशी केलेली तडजोड न पटल्याने विटोस यांच्याच पक्षाचे काही प्रतिनिधी बाहेर पडले. डिसेंबरात सरकार गेले. शहर म्हणाले, महागाई झाली. गाव म्हणाले, जमीन मिळाली नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या आणि दोन्ही एकाच माणसाच्या दारात आल्या. हाच पेच आपल्याकडे, आपल्याच विदर्भात, पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या एका माणसापुढे उभा राहिला होता. त्यांचे नाव वसंतराव नाईक.

माझे म्हणणे आधीच मांडतो. शेतकऱ्याच्या घरातला माणूस सत्तेवर आला की पीक वाढवण्याच्या कामात त्याचा जन्म त्याला उपयोगी पडतो, कारण जास्त धान्य गावालाही हवे असते आणि शहरालाही. भावाचा प्रश्न आला की गाव आणि शहर समोरासमोर येतात. तिथे मुख्यमंत्र्याच्या घरी किती बैलजोड्या आहेत याला फारशी किंमत उरत नाही. तिजोरी कोणाच्या हातात आहे आणि सरकार कोणाच्या पाठिंब्यावर उभे आहे, यावर निकाल लागतो. नाईक यांची अकरा वर्षांची कारकीर्द या दोन्ही गोष्टींचा पुरावा आहे, म्हणून ती नुसत्या गौरवाने किंवा नुसत्या दोषारोपाने वाचून चालत नाही.

१ जुलै १९१३ चा त्यांचा जन्म. बंजारा समाजातले घर, वडील फुलसिंग नाईक तांड्याचे प्रमुख. नागपुरात वकिलीचे शिक्षण, पुसदला नगराध्यक्षपद, १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत प्रवेश आणि महसूल खात्याचे उपमंत्रिपद. द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार आणि मग कृषी, महाराष्ट्र झाल्यावर महसूल. १९६१ चा जमीन कमाल धारणेचा कायदा त्यांच्याच महसूलमंत्रिपदाच्या काळातला. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री कन्नमवार पदावर असताना वारले आणि ५ डिसेंबरला नाईक मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. इतका सलग काळ त्यानंतर कोणाला मिळालेला नाही.

पीक वाढवण्याचा भाग आधी घेऊ, कारण तिथे त्यांची बाजू भक्कम आहे. साठीच्या दशकाच्या मध्याला देश अमेरिकेच्या गव्हावर होता आणि महाराष्ट्र केंद्राच्या कोट्यावर. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या, असे नाईक जाहीरपणे म्हणाले, ते याच काळात. घोषणा गाजली, पण तिचे ठिकाण फारसे कोणी पाहत नाही. शनिवारवाडा पुण्यात आहे. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या शहराला दिलेले ते वचन होते. ज्वारी पिकवणाऱ्याला भाव किती मिळेल, याचा त्यात उल्लेख नव्हता. वचन पुरे करायचे साधन म्हणजे संकरित ज्वारी. सीएसएच-१ हे वाण १९६४ मध्ये आले, आणि एका पिढीच्या तोंडी ‘हायब्रीड’ हा शब्द बसला. ज्यांनी ती पेरली त्यांना तिचे गुणदोष पाठ आहेत. ताट बुटके, म्हणून कडबा कमी. दाणा लवकर पक्व व्हायचा आणि परतीच्या पावसात सापडून काळा पडायचा. भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, ही तक्रार तर घरोघरी होती. शिवाय बियाणे दरवर्षी विकत घ्यायचे, खतही विकत आणायचे. तरीही एकरी उतारा वाढला, हे नाकारता येत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबराव देशमुखांचे नाव दिले गेले. दोन वर्षांची मुदत उलटली तेव्हा केंद्रावरची भिस्त संपली नव्हती, हे खरे. पण दिशा बदलली होती.

आता कापूस. सिंदीच्या वाचकाला हा भाग समजावून सांगायची गरज नाही, तरी हिशेब मांडला पाहिजे. मुंबईहून आलेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती मुख्यतः या पट्ट्यातला कापूस बंदराकडे नेण्यासाठी. सिंदी (रेल्वे) या आपल्या गावाच्या नावातला कंसातला शब्दही त्याच रुळांचा. तेव्हापासून पिकवणारा इथे आणि भाव ठरवणारा दूर, ही रचना कायम आहे. ती मोडण्याचा सर्वांत मोठा सरकारी प्रयत्न नाईक यांच्या सरकारने केला. १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातला सगळा कापूस सरकारच घेणार, व्यापाऱ्याला खरेदीची मनाई, आधी हमीभाव, आणि विक्रीत नफा झाला तर त्यातला मोठा वाटा हंगामाच्या शेवटी पुन्हा शेतकऱ्याला. कागदावर याहून शेतकरीधार्जिणी योजना तेव्हा देशात शोधून सापडली नसती.

प्रत्यक्षात काय झाले? दुसऱ्याच हंगामात योजना बंद ठेवावी लागली आणि १९७४-७५ मध्ये पुन्हा सुरू झाली. लाखो गाठींचा माल रोखीने उचलायला जेवढा पैसा लागतो, तेवढा राज्याच्या हाती नसतो; तो बँकांकडून, म्हणजे शेवटी रिझर्व्ह बँकेच्या आणि दिल्लीच्या मर्जीने येतो. मुख्यमंत्री शेतकरी असला तरी पतधोरण त्याचे नव्हते. खरेदी केंद्रावर तर चित्र ठरलेले असे. बंड्यांची रांग लागायची, नंबर येईपर्यंत रात्र बंडीखाली काढायची. मग ग्रेडरने मूठभर कापूस उपसून धागा ओढून पाहायचा, कवडी किती, पालापाचोळा किती ते बघायचे आणि प्रत सांगायची. त्या एका उच्चारावर वर्षाची कमाई ठरायची. चुकारा हप्त्याहप्त्याने मिळायचा आणि सोसायटीचे कर्ज आधीच त्यातून वळते व्हायचे. ज्या वर्षी बाहेर भाव चढा असे, त्या वर्षी राज्याच्या सीमेवरून कापूस आंध्र आणि मध्य प्रदेशात चोरून जाई. भाव पडला की तोच प्रवाह उलटा वाहून महाराष्ट्राच्या केंद्रांवर ओतला जाई. तोटा साचत गेला, आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीला परवानगी देऊन सरकारची मक्तेदारी संपली. शेवटच्या वर्षांचा दोष नाईकांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण मूळ आराखड्यातच एक गोष्ट होती: व्यापारी बाजूला झाला, भावाची किल्ली मात्र शेतकऱ्याकडे न येता सरकारकडे गेली, आणि सरकारला मुंबईच्या गिरण्याही चालू ठेवायच्या होत्या.

यावर पहिला आक्षेप असा की नाईक खरे शेतकरी नव्हतेच. मोठ्या जमिनीच्या घरातले वकील होते, म्हणून कोरडवाहू कास्तकाराचे दुःख त्यांना कळले नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण तो फार पुढे जात नाही. विटोस गरीब घरात, जेमतेम शाळा शिकून वाढले होते. त्यांच्याही वाट्याला तोच पेच आला. घर मोठे की लहान याने फरक पडत असता, तर दोघांचे शेवट वेगळे दिसले असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: १९७२ च्या दुष्काळाचा. तेव्हा सरकारने लाखो हातांना काम दिले, पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे काढली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली. हे शहराच्या हिताविरुद्ध जाऊन केलेले काम नव्हते का? माझ्या मते नव्हते. दुष्काळात गाव शहराकडे लोटणे शहरालाही परवडत नाही. शिवाय पुढे या योजनेसाठी शहरी पगारदारावर व्यवसाय कर बसला, तो मोजका आणि ठरलेला होता. कापसाचा भाव ही गिरणीच्या रोजच्या खर्चाची बाब होती. मदत आणि मोबदला यांत फरक आहे; मदत करताना दाता मोठा होतो, मोबदला देताना त्याचा खिसा हलका होतो. दुष्काळी कामांवर सुकडी वाटणे म्हणूनच कापसाचा चुकारा देण्यापेक्षा सोपे ठरले.

तिसरी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. विदर्भाचा माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री होता, मग विदर्भाला काय मिळाले? याचे उत्तर त्यांच्या टिकण्यातच आहे. पश्चिम महाराष्ट्रातली साखर आणि सहकाराची ताकद ज्या पक्षाचा कणा होती, त्या पक्षात बंजारा समाजातला, वैदर्भी नेता इतका काळ टिकला, कारण तो कोणत्याच बलवान गटाला भारी पडणारा नव्हता. उसाला कारखाना होता, कारखान्याला संचालक मंडळ होते आणि संचालकांतून आमदार होत होते. कापसाला जिनिंग होते, पण ते शेतकऱ्याचे नव्हते. ज्या नेत्याचे स्थान समतोलावर उभे असते, तो समतोल मोडणारा निर्णय घेत नाही. मुंबईत शिवसेनेला ‘वसंतसेना’ म्हणून टोमणे मारले गेले, तेही अशाच सगळ्यांना सांभाळण्याच्या राजकारणामुळे.

म्हणून नाईक यांच्याविषयी माझा निवाडा असा: धान्याच्या बाबतीत ते यशस्वी मुख्यमंत्री होते आणि कापसाच्या बाबतीत प्रामाणिक, पण अपुरे. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून साजरा होतो, त्या दिवशी भाषणांत हायब्रीड ज्वारी येते आणि एकाधिकार खरेदी येत नाही. सिंदीच्या बाजार समितीत कापूस घेऊन येणाऱ्याला त्या दिवशी दुसऱ्या विषयावर प्रश्न विचारायला हरकत नसावी.

१९७७ मध्ये नाईक लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला वारले. दिल्लीत त्या दिवशी चरणसिंग हे शेतकरी घरातले पंतप्रधान होते. दोनच दिवसांनी, लोकसभेला एकदाही सामोरे न जाता, त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या भागात त्यांच्याविषयी.