जेंडर बजेट : मोजणी निर्णयाआधी की निर्णयानंतर?

केंद्रीय अर्थसंकल्पासोबत संसदेच्या पटलावर ठेवल्या जाणाऱ्या कागदपत्रांत २००५-०६ या वर्षापासून आणखी एका विवरणपत्राची भर पडली. सरकारी खर्चापैकी किती रक्कम महिलांच्या हिताची आहे, हे त्यात मंत्रालयनिहाय नमूद केलेले असते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही रक्कम ४.४९ लाख कोटी रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या ८.८६ टक्के दाखविण्यात आली होती. जेंडर बजेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विवरणपत्रात महिलांसाठी स्वतंत्र निधी असतो, असा समज आढळतो. तो खरा नाही. तिजोरी एकच असते. तीतून होणाऱ्या खर्चाकडे महिलांच्या बाजूने पाहण्याची ही पद्धत आहे. ऑस्ट्रेलियाने ती १९८४ मध्ये सर्वप्रथम अवलंबिली.

सरकारी खर्च स्त्री-पुरुष भेद करीत नाही, असे सकृद्दर्शनी वाटते. मात्र गावाची नळपाणी योजना दोन वर्षे रखडली, तर त्या दोन वर्षांत पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर असतो, हे सांगण्याची गरज नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर पाहणीनुसार, घरकामात सहभागी होणाऱ्या महिलांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. या फरकाची दखल न घेता आखलेली योजना कागदावर सर्वांसाठी असली, तरी तिचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही.

विवरणपत्राच्या पहिल्या भागात संपूर्णपणे महिलांसाठी असलेल्या योजना येतात, तर दुसऱ्या भागात किमान ३० टक्के तरतूद महिलांसाठी असलेल्या. त्याहून कमी वाटा असलेल्या योजनांसाठी २०२४-२५ मध्ये तिसरा भाग जोडण्यात आला. अडचण या वर्गवारीतच आहे. ग्रामीण भागातील प्रधानमंत्री आवास योजनेची संपूर्ण तरतूद अनेक वर्षे पहिल्या भागात दाखविली गेली. घर पती-पत्नींच्या संयुक्त नावे किंवा केवळ महिलेच्या नावे मंजूर करण्याची सोय त्या योजनेत आहे, हे खरे. तथापि घरात सारे कुटुंब राहते, त्यामुळे शंभर टक्के खर्च महिलांवरचा मानणे पटणारे नाही. एवढ्या मोठ्या रकमेमुळे एकूण आकडा मात्र भरघोस दिसतो.

ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या बाबतीत नेमके उलट घडले. या योजनेतील एकूण मनुष्यदिवसांपैकी निम्म्याहून अधिक महिलांचे असत. तरीही २०२४-२५ च्या विवरणपत्रात तिच्या तरतुदीचा केवळ सुमारे एक तृतीयांश भाग महिलांच्या नावे मांडला गेला. एके ठिकाणी वाढीव मोजणी, दुसरीकडे अपुरी. खर्च आधी ठरवून महिलांचा वाटा नंतर लिहिला गेला, की असे होणारच.

वास्तविक, आधी विचारण्याची व्यवस्था नाही असे नाही. राष्ट्रीय महिला आयोग अधिनियम, १९९० च्या कलम १६ नुसार महिलांशी संबंधित सर्व प्रमुख धोरणात्मक बाबींवर केंद्र सरकारने आयोगाचा सल्ला घेणे बंधनकारक आहे. मंत्रालयांतील जेंडर बजेट कक्षांची कार्यकक्षाही २००७ मध्ये निश्चित करण्यात आली. राज्यांत महाराष्ट्राने १९९४ मध्येच महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती केली. केंद्रीय कायद्यात हा बदल २००५ मध्ये झाला.

धोरणाच्या मसुद्यातच महिलांचा विचार झाला, तर काय होते, याचे उदाहरणही रोजगार हमीतच सापडते. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याचा वारसा सांगणाऱ्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात लाभार्थ्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला असाव्यात, अशी अट होती. कामावर येणाऱ्या महिलांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी त्यांच्यापैकीच एका महिलेला नेमावे आणि तिलाही मजुरी द्यावी, असेही त्यात होते. मूल कोठे ठेवायचे, हा प्रश्न मजूर स्त्रीला कामावर जाण्याआधी पडतो. तो येथे कायदा लिहिणाऱ्यांनाही पडला होता. अनेक ठिकाणी ही सोय प्रत्यक्षात उभी राहिली नाही, हा भाग वेगळा. पण तिची मागणी करण्यासाठी कायद्यातील ओळीवर बोट ठेवता येत होते.