गाव तालुका झाला, दुकानदाराने काय पाहावे?

लातूर जिल्हा १९८२ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून निघाला. १९९९ साली त्यात जळकोट, देवणी व शिरूर अनंतपाळ हे नवे तालुके झाले. आज लातूरचे १० व नांदेडचे १६ तालुके आहेत. तहसील कचेरी आली की दाखल्यासाठी खेड्यापाड्यांतला माणूस येतो आणि परतताना कापडाच्या दुकानात डोकावतो. पूर्वी हेच गिऱ्हाईक उदगीर-निलंग्याला जात असे.

परंतु तालुका होणे वेगळे, शहर होणे वेगळे. तालुक्याच्या गावी ग्रामपंचायत असेल तर तेथे नगरपंचायत करावी, असे शासनाने २०१४ साली ठरवले. त्यानंतर जळकोट, देवणी, चाकूर, नायगाव येथे नगरपंचायती आल्या. सरपंच व ग्रामसभा गेली, नगराध्यक्ष व १७ नगरसेवक आले. घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकामाची परवानगी सर्व तेथेच ठरते.

चीनमध्येही असे फेरबदल होतात. झेजियांग प्रांतात कापडाच्या घाऊक पेठेचे केचियाओ २०१३ साली शाओशिंग शहराचा एक विभाग झाले. पेठ तीच, कचेरी बदलली.

आपल्याकडे वॉर्डातून आपला माणूस पाठवण्याचा हक्क आहे. म्हणून व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे: मत राहत्या घराच्या वॉर्डात, कर दुकानाच्या वॉर्डात. वॉर्डरचना, मतदारयादी किंवा करआकारणी जाहीर झाली की हरकतीला थोडेच दिवस मिळतात. त्या दिवशी अर्धा तास शटर ओढून कचेरीत जावे. मुदत टळल्यावर चहाच्या टपरीवर केलेली तक्रार कोणत्याही रजिस्टरात लागत नाही.