दुकानाची वही आणि पोर्टलची नोंद : ताळमेळ कसा घालावा?

सोलापुरातील टॉवेल-चादरीचा कारखानदार असो, चाटी गल्लीतील कापड दुकानदार असो, की शाळेच्या गणवेशाचे काम घेणारा शिलाई कारागीर असो, त्याच्या धंद्याच्या नोंदी आज एका ठिकाणी राहिलेल्या नाहीत. उधारीची वही गल्ल्यात असते. खतावणी दुकानाच्या संगणकात असते. खरेदी-विक्रीच्या बिलांची नोंद जीएसटीच्या पोर्टलवर असते. ऑनलाईन विकलेल्या मालाचा हिशेब विक्री कंपनीकडे आणि क्यूआर कोडवर आलेल्या पैशाचा हिशेब बँकेकडे असतो. या सर्व नोंदी एकाच धंद्याच्या असूनही त्या एकमेकांशी जुळत नाहीत, अशी तक्रार बहुतेक व्यापाऱ्यांची असते. ही केवळ लिखापढीची अडचण नाही. नोंद जुळली नाही की पैसा जातो. तो कसा जातो आणि कसा वाचवावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

दूरचे कपाट

आपल्या संगणकावर बसवलेला हिशेबाचा प्रोग्राम म्हणजे आपल्या दुकानातले कपाट. किल्ली आपल्याकडे, कागद आपल्याकडे. ‘क्लाऊड’ म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या इमारतीत आपल्या नावाचा एक खण. तेथे इंटरनेटवरून जाता येते, कोठूनही पाहता येते. पण इमारत दुसऱ्याची आणि नियमही त्याचेच. जीएसटीचे पोर्टल, ऑनलाईन विक्री कंपन्यांची खाती आणि मासिक किंवा वार्षिक भाड्याने मिळणारे बिलिंगचे प्रोग्राम हे सर्व या दुसऱ्या प्रकारात येतात.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्याने कधी संगणकाला हात लावला नव्हता अशा नोंदणीकृत व्यापाऱ्याचीही एक वही सरकारी कपाटात उघडली गेली. त्या वहीत आपण लिहितो तसेच आपला पुरवठादारही लिहितो. खरी मेख येथेच आहे.

जुळणी न झाल्यास नुकसान काय?

समजा, एका टॉवेल कारखानदाराने कोइम्बतूरहून 4,00,000 रुपयांचे सुती सूत आणले. त्यावर 5 टक्के दराने 20,000 रुपये कर त्याने पुरवठादाराला दिला. हा कर त्याला स्वतःच्या विक्रीवरील करातून वजा मिळतो. परंतु 1 जानेवारी 2022 पासून कायद्याने अशी अट घातली आहे की, पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-1 या विवरणात दाखवले पाहिजे आणि ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-2बी या उताऱ्यात उतरले पाहिजे. तरच वजावट मिळते. बिल हातात आहे, माल गोदामात आहे, पैसे दिले आहेत. पण उताऱ्यात नोंद नाही, तर त्या महिन्यात 20,000 रुपये खिशातून भरावे लागतात. एका आर्थिक वर्षातील राहिलेली वजावट पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरले असल्यास तोपर्यंतच घेता येते. ती तारीख उलटली की रक्कम कायमची गेली. लहान कारखानदाराच्या दृष्टीने 20,000 रुपये ही कारागिरांच्या मजुरीची रक्कम आहे, हे विसरून चालणार नाही.

याच्या उलटही घडते. 14 ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर बिल व्यवस्थापनाची नवी सोय सुरू झाली आहे. पुरवठादाराने आपल्या नावावर चढवलेले प्रत्येक बिल तेथे दिसते. ते स्वीकारावे, नाकारावे किंवा प्रलंबित ठेवावे, असे तीन पर्याय आहेत. काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते. म्हणजे जो माल आपल्याकडे आलाच नाही त्याचे बिलही आपल्या गप्प बसण्याने मान्य होऊ शकते. पुढे तपासणीत ती वजावट चुकीची ठरल्यास ती रक्कम व्याजासह परत करावी लागते.

जोडणीचे तीन मार्ग

दूरच्या कपाटातील नोंद घरच्या खतावणीला जोडण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग हाताने उतरवण्याचा. महिन्याला दहा-वीस बिले असतील तर तो पुरेसा आहे. पोर्टलचा उतारा छापून घ्यावा आणि खरेदीच्या नोंदीवर एकेक खूण करत जावे.

दुसरा मार्ग फाईलचा. जीएसटीआर-2बी हा उतारा पोर्टलवरून एक्सेलच्या स्वरूपात उतरवून घेता येतो. दुकानाच्या प्रोग्राममधून खरेदीची यादीही एक्सेलमध्ये काढता येते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताळा पाहता येतो. शंभर-दोनशे बिले असलेल्या कारखान्याला हा मार्ग परवडतो.

तिसरा मार्ग थेट जोडणीचा, ज्याला संगणकाच्या भाषेत एपीआय म्हणतात. दोन प्रोग्रामनी परस्पर बोलण्यासाठी ठेवलेली ही ठरावीक खिडकी होय. त्या खिडकीतून ठरलेल्या नमुन्यात विचारले की ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळते. मध्ये माणसाला टंकलेखन करावे लागत नाही. ई-इन्व्हॉईस हे याचे सर्वांना परिचित उदाहरण. 1 ऑगस्ट 2023 पासून ज्यांची वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांपेक्षा जास्त आहे त्यांना व्यापाऱ्यांना दिलेली बिले सरकारी यंत्रणेत नोंदवावी लागतात. दुकानाचा प्रोग्राम बिल पाठवतो, तिकडून 64 अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड परत येतो, आणि तीच नोंद पुढे जीएसटीआर-1 मध्ये आपोआप भरली जाते.

थेट जोडणी सुरू करताना पोर्टलवर आपल्या खात्यात जाऊन तशी परवानगी द्यावी लागते, मोबाईलवर ओटीपी येतो आणि परवानगीची मुदतही ठरलेली असते. तेव्हा कोणी पासवर्डच मागत असेल तर सावध राहावे.

यंत्राआधी ओळख

पुष्कळांची समजूत अशी असते की महागडा प्रोग्राम घेतला की ताळमेळ आपोआप बसेल. ही समजूत चुकीची आहे. कारण दोन वह्यांत एकाच गोष्टीला दोन नावे असतील तर कोणतेही यंत्र त्या जोडू शकत नाही. यासाठी पुढील चार गोष्टी आधी दुरुस्त कराव्यात.

एक, पक्षाची ओळख. वहीत पुरवठादाराचे नाव बोलीभाषेतले असते, पोर्टलवर पॅन कार्डावरचे. म्हणून नावावर विसंबू नये. 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक हीच खरी ओळख मानावी. त्याची पहिली दोन अक्षरे राज्य दाखवतात. महाराष्ट्राचा अंक 27, कर्नाटकाचा 29, तामिळनाडूचा 33, तेलंगणाचा 36. कोइम्बतूरच्या सुतावर आयजीएसटी लागतो. मुनिमाने सवयीने सीजीएसटी आणि एसजीएसटी असा दोन भागांत लिहिला तर एकूण रक्कम सारखी असूनही नोंद जुळत नाही.

दोन, बिलाचा क्रमांक. पुरवठादाराच्या बिलावर ‘045/25-26’ असते आणि आपण वहीत नुसते ‘45’ लिहितो. माणसाला दोन्ही एकच वाटतात, यंत्राला वाटत नाहीत. बिलावर जसे छापले आहे तसेच, तिरप्या रेघेसह उतरवावे. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर यांत गल्लत होऊ देऊ नये.

तीन, मालाचे माप. आपल्याकडे टॉवेल डझनावर विकला जातो, ऑनलाईन नगावर. दुकानाच्या प्रोग्राममध्ये 10 म्हणजे दहा डझन आणि विक्री कंपनीच्या खात्यात 10 म्हणजे दहा नग, असे असेल तर साठा कधीच जुळणार नाही. शिवाय यात कराचाही प्रश्न आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून टॉवेल, चादर यांसारख्या तयार कापडी वस्तूंवर एका नगाची किंमत 2,500 रुपयांपर्यंत असल्यास 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के दर लागू झाला. पूर्वी ही मर्यादा 1,000 रुपये होती आणि त्यापुढे 12 टक्के दर होता. आता 250 रुपयांचा टॉवेल डझनाने 3,000 रुपयांना विकला आणि प्रोग्रामने डझनालाच एक नग धरले, तर 150 रुपयांऐवजी 540 रुपये कर लागेल. दोष यंत्राचा नाही, मापाच्या नोंदीचा आहे.

चार, दर. कराचे दर बदलतात तेव्हा पोर्टलचा नियम त्याच दिवशी बदलतो. घरच्या प्रोग्राममधील मालाची यादी आपण बदलली तरच बदलते. सप्टेंबर 2025 च्या बदलाप्रमाणे आपल्या यादीतील प्रत्येक वस्तूचा दर आणि मर्यादा दुरुस्त झाली आहे काय, हे एकदा तपासून घ्यावे. कृत्रिम धाग्याच्या सुतावरील दरही त्याच दिवशी 12 वरून 5 टक्के झाला आहे.

शेवटचा शब्द कोणाचा?

दोन वह्यांत फरक आला तर कोणती खरी धरावी, हे आधीच ठरवले पाहिजे. माल आला की नाही, याबाबत गोदामाच्या आवक नोंदीचा शब्द अखेरचा. साठा किती आहे, याबाबतही दुकानाचीच नोंद खरी. ऑनलाईन खात्यातील आकडा त्यावरून दुरुस्त करावा, त्यावरून दुकानाचा नव्हे. पैसे आले की नाही, याबाबत बँकेचा उतारा खरा, मोबाईलवरचा संदेश नव्हे. वजावट किती मिळेल, याबाबत जीएसटीआर-2बी उताऱ्याची मर्यादा मानावी लागते. परंतु त्यातील प्रत्येक बिल आवक नोंदीशी ताडूनच घ्यावे. एवढे ठरवले की रोजचे निम्मे वाद मिटतात.

ऑनलाईन विक्रीत येथेच मोठी चूक होते. समजा, एक चादर करासह 1,050 रुपयांना विकली. मूळ किंमत 1,000, कर 50. विक्री कंपनीने 100 रुपये कमिशन आणि त्यावर 18 रुपये जीएसटी कापला. 10 जुलै 2024 पासून असलेल्या अर्धा टक्का दराने 5 रुपये टीसीएस कापला. बँकेत 927 रुपये आले. (आयकराची कपात येथे धरलेली नाही.) पुष्कळजण 927 रुपयांचीच विक्री लिहितात. खरे पाहता विक्री 1,000 रुपयांची आहे, कमिशन हा खर्च आहे, त्यावरील 18 रुपयांची वजावट आपल्याला मिळू शकते आणि 5 रुपये पोर्टलवर आपल्या नावे जमा असतात. ते आपण मागितले तरच खात्यात येतात. एका चादरीमागे हे 23 रुपये होतात. वर्षाला हजार चादरी विकणाऱ्याचे 23,000 रुपये केवळ नोंद न केल्यामुळे पडून राहतात. ग्राहकाने परत केलेल्या मालाचीही अशीच वेगळी नोंद ठेवावी. तो माल गोदामात प्रत्यक्ष परत आल्याशिवाय साठ्यात धरू नये.

महिन्याचा क्रम

दरमहा विवरण भरणाऱ्यांनी हा क्रम पाळावा. 10 तारखेपर्यंत मागील महिन्याच्या सर्व खरेदीच्या नोंदी पूर्ण कराव्यात. 11 तारीख ही जीएसटीआर-1 ची मुदत. तिमाही विवरण भरणारे पुरवठादार 13 पर्यंत बिले चढवू शकतात. म्हणून 11 ते 13 या तीन दिवसांत, ज्यांची बिले दिसत नाहीत त्यांना फोन करावा. 14 तारखेला जीएसटीआर-2बी तयार होतो. त्यानंतर बिले स्वीकारण्या-नाकारण्याचे काम उरकून 20 तारखेपूर्वी जीएसटीआर-3बी भरावा. 5 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या आणि तिमाही पद्धत घेतलेल्या महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना तिमाहीनंतर 22 तारखेपर्यंत मुदत असते. न जुळलेल्या बिलांची यादी वेगळ्या कागदावर ठेवून ती पुढच्या महिन्यात पुन्हा पाहावी.

कारागिरांसाठी

ज्यांची जीएसटी नोंदणी नाही अशा यंत्रमागधारकांना आणि शिलाई कारागिरांनाही यातून घेण्यासारखे आहे. मालकाकडे आता संगणकावर हिशेब असतो आणि कारागिराकडे डायरी. किती सूत आले, किती कापड दिले, किती मजुरी बाकी, यावर तंटा होतो तेव्हा संगणकाचा छापील कागद वजनदार ठरतो आणि डायरीचे कोणी ऐकत नाही. यावर उपाय सोपा आहे. मालकाच्या चलनाचा क्रमांक प्रत्येक वेळी आपल्या डायरीत लिहावा, माल परत देताना त्याच क्रमांकावर सही घ्यावी. क्रमांक तोच असेल तर आपली डायरी आणि त्यांचा संगणक एकाच मोजमापाने तपासता येतात. मजुरी क्यूआर कोडवर मिळत असेल तर कोणत्या चलनाची रक्कम आहे, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे.

किल्ली आपल्याकडेच हवी

पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल क्रमांक आणि ई-मेल मालकाचा स्वतःचा असावा, हिशेबनिसाचा नव्हे. हिशेबनीस बदलला आणि ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जात राहिला तर आपल्याच वहीला आपण परके होतो. तसेच भाड्याचा प्रोग्राम घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : भाडे बंद केले तर माझ्या सर्व नोंदी मला एक्सेलमध्ये मिळतील काय? कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळाव्या लागतात. प्रोग्रामची कंपनी बंद पडली ही सबब तेव्हा चालत नाही. म्हणून दरमहा एक प्रत वेगळ्या पेन ड्राईव्हवर घेऊन ती दुकानाऐवजी घरी ठेवावी.

मोठा खर्च करण्यापूर्वी येत्या महिन्यात एवढेच करून पाहावे : आपल्या दहा मोठ्या पुरवठादारांचे जीएसटी क्रमांक आपल्या वहीत बरोबर आहेत काय ते तपासावे आणि त्यांची मागील तीन महिन्यांची बिले जीएसटीआर-2बी उताऱ्याशी ताडून पाहावीत. जे बिल सापडणार नाही, त्याच्या कराची रक्कम समोर लिहावी. आपला किती पैसा अडकला आहे, हे त्या एका कागदावरच दिसेल. तो मिळवण्यासाठी पहिला फोन त्याच पुरवठादाराला करावा.